चिखलीतलं एकमेव टायटॅनियम

आमच्या गल्लीत लग्नाची पंगत असली की वाढप्यांना एक सूचना आधीच देऊन ठेवतात: घणभाऊंच्या ताटात चमचा ठेवायचा नाही.

ठेवला तर काय होतं ते मी शेजारच्या पाटावर बसून पाहिलं आहे. आपण भातावर वरण घेण्यात गुंतलेले असतो. तेवढ्यात घणभाऊ चमचा उचलतात, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरतात आणि वाकवतात. सरळ करतात. पुन्हा वाकवतात. त्यांचे ओठ हलत असतात, कारण ते मोजत असतात. पहिल्या दोन-तीन वेळा चमचा मुकाट्यानं वाकतो. मग तो अडून बसतो. इथे घणभाऊंच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरतं, की वाटावं, नातवानं पहिलं पाऊल टाकलं.

"पाहा सर, पाहा. आता घट होऊन राह्यला. मार खाल्ला का धातू आतून हुशार होते."

आणखी पाच-सहा वेळा वाकवलं की कट्‌ असा आवाज होतो आणि चमच्याचे दोन तुकडे होतात.

"अकरा," घणभाऊ जाहीर करतात. "मागच्या लग्नातला सतरा गेल्ता. हा माल हलका हाय."

हे शेवटचं वाक्य ते नेमकं नवरीच्या बापासमोर म्हणतात.

त्यांचं खरं नाव मनोहरराव. पण ते नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे. चिखलीच्या धान्यबाजारामागच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे घणभाऊ म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी परमुलखात, विमानाचे भाग घडवणाऱ्या एका कारखान्यात काढली. तिथे एक प्रचंड यांत्रिक घण होता आणि त्या घणाच्या दांडीवर मनोहररावांचा हात होता. घणाखाली तापून आलेला टायटॅनियमचा गोळा जायचा आणि विमानाचा भाग होऊन बाहेर यायचा. निवृत्त झाल्यावर ते गावी परतले आणि आमच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहू लागले. एकटेच. बायको कारखान्याच्या वसाहतीतच फार पूर्वी गेली, एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं. ते त्याबद्दल बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू.

पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी पाणी दिलं. त्यांनी पेला हातात घेतला, नखानं त्यावर टिचकी मारली, कानाशी नेला आणि म्हणाले, "ठोका खाल्लेला नाही यानं. नुसता दाबून काढलेला हाय." मग पाणी प्यायले. पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी आमच्या घराची कडी, कुलूप, मुसळ आणि देव्हाऱ्यातली घंटा तपासली. घंटेला त्यांनी हात जोडले, पण वाजवून झाल्यावर.

त्यांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या: ओतीव आणि घडीव. साच्यात ओतून तयार झालं ते ओतीव. दिसायला गुळगुळीत, पण आतून कच्चं, कधी दगा देईल सांगता येत नाही. ठोके खाऊन तयार झालं ते घडीव. ही विभागणी धातूंपुरती राहिली असती तर कोणाची तक्रार नव्हती. पण गल्लीतल्या एका मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून घणभाऊंनाही बोलावलं होतं. सगळे नोकरी, शेती, घर असं रीतसर विचारत होते. घणभाऊंनी मुलाच्या वडिलांना विचारलं, "पोरानं ठोके खाल्ले का कधी?"

वडील अभिमानानं म्हणाले, "आमच्या पोराले आजवर कोणी बोट नाही लावलं."

घणभाऊ मुलीच्या बापाकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजले, "ओतीव हाय."

लग्न झालं. पण त्या लग्नापासूनच त्यांचा चमचा बंद झाला.

मी एकदा धीर करून विचारलं, "भाऊ, मग मी कोण?"

मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे आणि उरलेला वेळ पुस्तकांत घालवला आहे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सर, तुमी दोन्ही नाही," ते म्हणाले. "तुमी छापील."

माझी पत्नी कुमुद आतून इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

कुमुद साखरखेर्ड्याची. तिला मात्र घणभाऊंनी पहिल्याच आठवड्यात घडीव ठरवून टाकलं होतं. त्याला भाकरी कारणीभूत होती. ती भाकऱ्या थापत होती आणि हे दारात उभं राहून पाहत होते. मग एकदम म्हणाले, "वहिनी, पाणी उकळतं घेतलं ना पिठात?"

"मग? गार पाण्यात मळलं तर कडा फाटतात."

"हेच!" घणभाऊ दारातून थेट ओट्यापर्यंत आले. "हेच टायटॅनियमचं हाय. थंड असताना ठोकलं का कडा फाटतात. लय तापवलं का आतला दाणा फुगते, मंग ताकद नाही राहत. मधात जराशी जागा असते. दोन बोटांएवढी. तेवढ्यात ठोकून घ्या लागते."

मग त्यांनी पिठात बोटानं रेघा ओढून दाखवल्या. टायटॅनियमच्या आत म्हणे पट्ट्या असतात, एकमेकींत गुंतलेल्या, टोपलीच्या विणीसारख्या. बरोबर तापमानाला ठोकत गेलं की त्या पट्ट्या तुटतात आणि तुकड्यांचे बारीक गोल दाणे होतात, राळ्यासारखे. दाणे जितके बारीक, तितका धातू मजबूत. "वरून काही नाही दिसत, वहिनी. वरून नुसता आकार बदलते. खरं काम आत होऊन राह्यलं असते."

कुमुद भाकरी उलटत म्हणाली, "म्हणजे तुमच्या कारखान्यात आमच्या साखरखेर्ड्याच्या बाया नेल्या असत्या तरी चाललं असतं."

घणभाऊ तडक निघून गेले. मला वाटलं, रागावले. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा दारात आले. "वहिनी, मी विचार केला," ते गंभीरपणे म्हणाले. "हाव. चाललं असतं."

आणखी एक प्रयोग त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात केला होता. तांब्याची तार वाकवून वाकवून त्यांनी इतकी ताठ केली, की ती माझ्याच्यानं वाकेना. मग ती गॅसवर लाल होईतो धरली, गार होऊ दिली आणि कुमुदच्या हातात दिली. ती तार सुतासारखी लोळली.

"विसरली," घणभाऊ म्हणाले. "आगीत गेला का धातू सगळं विसरते. एक ठोका ध्यानात नाही राहत. नवे दाणे येतात, पहिल्यासारखे."

"बरं आहे बापडीचं," कुमुद म्हणाली.

बारीक दाण्याचं वेड त्यांनी धान्यबाजारातही नेलं. टपोऱ्या हरभऱ्याच्या ढिगात हात घालून ते अडत्याला सांगू लागले, की दाणा बारीक पाहिजे, मोठा दाणा म्हणजे कमजोरी. अडत्या दोन दिवस ऐकत राहिला. तिसऱ्या दिवशी हात जोडून म्हणाला, "भाऊ, आमाले याची डाळ करायची हाय. विमान नाही."

घणभाऊंच्या मागच्या खोलीत लोखंडी फळ्या होत्या आणि त्यांवर चिखली गावातल्या सगळ्या मोडक्या वस्तू होत्या. पण प्रत्येक वस्तू अर्धीच. अर्धा नळ, अर्धं कुलूप, अर्धा विळा, बैलाच्या गळ्यातली अर्धी घंटा. कोणाचं काही मोडलं की ते आणून त्यांना देत. घणभाऊ ते मधोमध कापत, कापलेली बाजू पॉलिशपेपरवर तासन्‌तास घासत, तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकून पुसत आणि एका शाळेनं मोडीत काढलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरत. त्या यंत्राला त्यांनी बाजूनं टॉर्चचा बल्ब बांधला होता. मग ते निकाल देत: हा विळा घाईत पाजवलाय, हे कुलूप ओतीव आहे, हा नळ कोणीतरी पाना लावून पिळला आहे आणि आता नाही म्हणतो आहे.

"माणूस खोटं बोलते," ते म्हणत. "धातू नाही बोलत. जे जे झालं ते सगळं आत लिवलेलं असते. फक्त कापून पाहा लागते."

आमची सांडशी मोडली तेव्हा तीही अर्धीच परत आली. "अन् उरलेली?" कुमुदनं विचारलं. "अभ्यासाले ठेवली," ते म्हणाले.

त्या फळ्यांवर पूर्ण अशी एकच वस्तू होती. सगळ्यात वरच्या फळीवर, एका कोपऱ्यात, एक लोखंडी उलथणं. एका बाजूनं झिजून तिरपं झालेलं. मी एकदा ते उचलायला गेलो.

"ते नका घेऊ सर," घणभाऊ म्हणाले. "ते नाही कापत मी."

मी हात मागे घेतला.

पण या सगळ्या संग्रहात टायटॅनियम नव्हतं. ज्या धातूवर आयुष्य घातलं, त्याचा टाचणीएवढा तुकडाही घणभाऊंकडे नव्हता. कारखान्याच्या फाटकावर झडती असे, कीससुद्धा तोलून परत घेत. त्यामुळे गावात त्यांची पंचाईत होई. टायटॅनियम लोखंडाहून कितीतरी हलकं आणि तरी तसंच बळकट असतं, ते गंजत नाही, असं ते सांगत आणि लोक म्हणत, "दाखवा." दाखवायला काही नसे. हार्डवेअरच्या दुकानदारानं तर रंगाचा डबा उलटा करून दाखवला, "हे पाहा भाऊ, टायटॅनियम. पांढऱ्या रंगात टाकतात. तुमी कायले ठोकत होते हे?" घणभाऊ आठ दिवस त्या दुकानावरून गेले नाहीत. खिळे लागले तर मला पाठवत.

अशात कुमुद अंगणात घसरून पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं.

शस्त्रक्रिया झाली. मी बाहेर बाकावर बसलो होतो, शेजारी घणभाऊ. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, सगळं व्यवस्थित झालं, हाडात टायटॅनियमची सळई बसवली आहे.

मी डॉक्टरांचे आभार मानणार होतो. पण घणभाऊ आधीच उठून उभे राहिले होते.

"ओतीव का घडीव?"

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"सळई. ठोकलेली हाय का ओतलेली? आतला दाणा कसा हाय? कोणी पाह्यला का?"

डॉक्टरांनी मला जरा बाजूला घेतलं. "हे पेशंटचे कोण?"

"शेजारी," मी म्हणालो.

"बरं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बहुधा मनातल्या मनात माझ्याविषयी सहानुभूती व्यक्त केली.

दुसऱ्या दिवशी कुमुदच्या खाटेजवळ घणभाऊ एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून अर्धा तास उभे होते. डोळ्यांत पाणी. "लय सुंदर," ते पुटपुटत होते. "काय सरळ गेली हो. काय फिनिशिंग."

"भाऊ," कुमुद म्हणाली, "माझ्या मांडीचा फोटो आहे तो. द्या इकडे."

अशा रीतीनं चिखलीत टायटॅनियम आलं. निदान घणभाऊंच्या हिशोबात ते गावातलं एकमेव टायटॅनियम होतं आणि ते आमच्या हिच्या मांडीत होतं. त्यांचं सगळं वागणंच बदललं. हार्डवेअरवाल्याला जाऊन सांगून आले, की माल पोचला आहे, पण दाखवता येत नाही. आणि रोज संध्याकाळी पाच वाजता ते आमच्या फाटकाशी हजर होऊ लागले.

"वहिनी, चला. चालल्याबिगर नाही जमत. भार पडला तर हाड घट होते. हा धातू चांगला हाय, सगळा भार एकटा नाही घेत, हाडालेबी काम ठेवते. लोखंड असतं तर हाड आळशी झालं असतं."

कुमुद काठी घेऊन निघे. घणभाऊ दोन पावलं मागून, हात पाठीशी बांधून, मोठ्यानं मोजत. पहिल्या दिवशी नऊ पावलं झाली. ती रडकुंडीला आली होती. घणभाऊ म्हणाले, "नऊ ठोके. आज दाणा जराक बारीक झाला असन." महिनाभरात ती कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊ लागली. आमच्या फाटकापासून गिरणीच्या पायरीपर्यंत दोनशे बारा पावलं. एक कमी नाही, एक जास्त नाही. गिरणीवाला पट्टा थांबवून ओरडे, "उतरलं का विमान?" आणि कुमुद काठी उंचावून म्हणे, "उतरलं!" कधी पाय दुखत असला की ती मला सांगे, "आज भाऊंना म्हणा, विमान उडत नाही." पण भाऊ फाटकाशी दिसले की पदर खोचून निघे. मी खिडकीत पुस्तक घेऊन बसलेला असे. आता वाटतं, पुस्तक बाजूला ठेवून मीही गेलो असतो तर बरं झालं असतं. पण तेव्हा वाटायचं, मोजायला एक माणूस आहे ना.

दीड वर्षानं कुमुद गेली. पायानं नाही, हृदयानं. दुपारची झोपली ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला आम्ही स्मशानात गेलो. मी, कुमुदचे थोरले भाऊ, चार नातेवाईक, आणि थोडं मागे घणभाऊ. राख अजून कोमट होती. तिच्यात मधोमध ती सळई होती. मी ती पहिल्यांदाच पाहत होतो. राखाडी, पापुद्रे आलेली. एका टोकाला मात्र मोरपंखासारखी निळी-जांभळी झाक होती. मेव्हण्यांनी रीतीप्रमाणे राखेवर शिंपडायला तांब्या उचलला.

"पाणी नका टाकू!"

घणभाऊ असे ओरडले, की मेव्हण्यांच्या हातातून तांब्या सटकला.

"पाणी नका टाकू एकदम! आपोआप थंड होऊ द्या! आतून बिघडते!"

एकतीस वर्षं गरम धातूवर पाणी पडताना पाहिलं की ओरडायचं, ही त्यांची नोकरी होती. आता मला ते समजतं. तेव्हा कोणालाच समजलं नाही. आणि घणभाऊ तेवढ्यावर थांबले नाहीत. ते पुढे आले, उकिडवे बसले, सळई उपरण्यात धरून उचलली आणि शेजारच्या दगडावर हलकेच टेकवली. टण्ण असा आवाज झाला. लांबवर गेला. ते मान तिरपी करून ऐकत राहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, हे मले द्या."

"काऊन हो?" मेव्हणे कडाडले. "कापून पाहाले? माझी बहीण हाय ती का कुलूप हाय तुमचं?"

घणभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या डोळ्यांसमोर त्या फळ्या आल्या. अर्धा नळ, अर्धा विळा, अर्धी सांडशी. मी त्यांच्या हातातून सळई काढून घेतली आणि म्हणालो, "भाऊ, तुम्ही जा आता."

ते गेले.

अस्थी पैनगंगेत सोडल्या. सळई सोडायला माझा हात उठला नाही. ती कुमुदच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मी पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशाच्या मागे ठेवली. दिवसातून एकदा कपाट उघडायचो, शब्दकोश बाजूला करायचो, पुन्हा लावायचो. घराबाहेर पडणं सुटलं. घणभाऊ फाटकाशी येईनासे झाले. भिंतीपलीकडून पॉलिशपेपर घासल्याचा आवाजही येईना. पाच-सहा महिने आम्ही दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना गप्प बसून होतो.

मग एके दिवशी गिरणीवाला आणि समोरच्या घरातल्या काकू असे दोघं मिळून माझ्याकडे आले. चेहरे असे, की मी घाबरलो.

"सर, काल लग्न होतं ना पलीकडच्या गल्लीत," गिरणीवाला म्हणाला. "वाढपी नवे होते. भाऊंच्या ताटात चमचा ठेवला त्यांनी."

"मग?"

"मोडला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे भाऊंनी त्या चमच्यानं जेवण केलं, सर," काकू म्हणाल्या. "भात खाल्ला, कढी खाल्ली, अन् धुतल्यासारखा ताटात ठेवून दिला. वाकवलाबी नाही. माणसाचं काही खरं दिसत नाही."

दुपारी मी शब्दकोश बाजूला केला, गुंडाळी घेतली आणि शेजारी गेलो.

घणभाऊ मागच्या खोलीत स्टुलावर बसले होते. दाढी वाढलेली. सूक्ष्मदर्शकावर फडकं टाकलेलं. मला पाहून उठले आणि स्टूल पुसू लागले, ते आधीच स्वच्छ होतं तरी. मी गुंडाळी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडली नाही.

"त्या दिवशी चुकलं माझं," ते म्हणाले. "तोंडातून निंगून गेलं."

"भाऊ," मी म्हणालो, "कापा."

"आं?"

"कापून पाहा. तुम्हीच म्हणता ना, जे जे झालं ते आत लिहिलेलं असतं. मला बघायचं आहे. दीड वर्ष ती चालली याच्यावर. ते चालणं असेल ना आत?"

मी हे का म्हणालो, मला ठाऊक नाही. लाल झालेली ती तांब्याची तार कुमुदच्या हातात लोळताना मी पाहिली होती. आगीतून गेलेला धातू काय लक्षात ठेवतो ते याच माणसानं मला शिकवलं होतं. तरी मी विचारलं. एखादा विद्यार्थी नापास झाल्याचं ठाऊक असूनही निकालाच्या फळ्यासमोर उभा राहतो, तसा मी उभा होतो.

घणभाऊंनी गुंडाळी सोडली. सळई दोन्ही तळव्यांवर आडवी घेतली आणि नुसती तोलत राहिले. किती हलकी आहे याचं मलाच पुन्हा नवल वाटलं. त्यांचा अंगठा त्या निळ्या टोकावरून फिरला. करवत त्यांच्या उजव्या हाताशीच होती. त्यांनी ती उचलून टेबलाखाली ठेवली.

"कापा नाही लागत," ते म्हणाले. "हे असं बी समजते."

त्यांनी सळई कानाशी नेली आणि नखानं टिचकी मारली. एकदा. मग दुसऱ्या टोकाला. डोळे मिटून ते इतका वेळ ऐकत राहिले, की मला बाहेर गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज येऊ लागला.

"हाय," घणभाऊ म्हणाले.

"आहे?"

"हाव. सगळं हाय. दोनशे बाराच्या दोनशे बारा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "लय पक्कं बसलं हाय सर. आगीले नाही निंगालं."

मग ते स्टुलावर चढले, सगळ्यात वरच्या फळीवरचं ते झिजलेलं उलथणं जरा सरकवलं, त्याच्याशेजारी सळई ठेवली, दोन्हींची टोकं बोटानं एका रेषेत आणली आणि खाली उतरले.

"इथं ठेवू ना?" त्यांनी विचारलं.

"ठेवा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता फाटकाची कडी वाजली. आधी टिचकी, मग कडी. घणभाऊ दाढी करून आले होते.

"सर, चला. लय दिवस झाले, बसून राह्यले तुमी. गंजून जासान."

मी पुस्तक ठेवलं, चपला घातल्या. ते दोन पावलं मागे झाले, हात पाठीशी बांधले आणि मोजायला लागले. गल्लीतल्या बायका दारात आल्या. समोरच्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मला फार संकोचल्यासारखं झालं, पण मागून आकडे इतक्या ठामपणे येत होते, की थांबायची सोय नव्हती. गिरणीच्या पायरीवर मी पाय ठेवला. गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला, पण तो काही ओरडला नाही.

मागे घणभाऊंच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"दोनशे एकतीस," ते नाराजीनं म्हणाले. "सर, पाऊल लहान पडून राह्यलं तुमचं. उद्या सुधारू."